सव्वीस तारखेचा केक

वडनेर,
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

सौ. मंजुषास,

पत्र पाहून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी 'हो', 'नाही', 'ठेवते' याच्या पुढे जात नाहीस. म्हणून ऑर्डरच्या वहीचं पान फाडलं. आपला अमर बुधवारी आणि शनिवारी गिरडला टोस्ट टाकायला येतोच, त्याच्या हाती देतोय. पत्र खारीच्या पुड्यांवर ठेवलंय, त्यामुळे तुपकट डाग पडला असेल तर तो माझा समजू नये. (बापूजी, हे आधी तुमच्या हाती पडलं असेल तर नमस्कार. पुढचं वाचू नका, जावयाचं खासगी आहे.)

सोमवारी तू गेलीस. मी काही घाबरलेलो नाही. तेरा वर्षांच्या संसारात बायको माहेरी जाते यात बातमी कसली? फक्त डिसेंबरात गेलीस, हे पहिल्यांदा घडलं. बेकरीवाल्याच्या बायकोनं डिसेंबरात माहेरी जाणं म्हणजे मास्तरनं परीक्षेच्या दिवशी रजा टाकणं. पण असू दे. रविवारपर्यंत येशील, हे मी हरिदासला छातीठोकपणे सांगून ठेवलंय. भट्टीसमोर वीस वर्षं उभा राहिलेला माणूस, तो नुसता 'हं' म्हणाला.

झालं काय होतं? मी भिंतीवर नाताळच्या ऑर्डरींचा कागद चिकटवत होतो. तू क्रीमचे कोन धूत होतीस. तू विचारलंस, 'सव्वीस तारखेच्या खाली काऊन काही नाई लिहिलं?' मी म्हटलं, 'लिहितो नंतर.' एवढंच. एवढ्यावर कोणी बॅग भरतं का?

आणि तुझ्यासाठी मी काय केलं नाही ते सांग. हायवेवरून जाणारा प्रत्येक ट्रकवाला दुकानाच्या पाटीवर तुझं नाव वाचत जातो. 'मंजुषा बेकरी', लाल अक्षरं, भोवती दिवे. वडनेरात दुसऱ्या कोणाच्या बायकोचं नाव दिव्यांत आहे?

चंद्रपूरहून रक्षाताईचा फोन आला होता. बहिणीला काय सांगणार? सांगितलं, तू भट्टीजवळ आहेस, हात पिठात आहेत. आपल्या लेकीला, अंकिताला, होस्टेलवर मी काही कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस.

तुझा,
कैलास


वडनेर,
शनिवार, ६ डिसेंबर

सौ. मंजुषास,

तुझी चिठ्ठी मिळाली. टोस्टच्या रिकाम्या पुड्यावर पेन्सिलीनं चार शब्द: 'बोलले ते पुरं लिवा.' अमरनं ती आणून देताना माझ्याकडे असं पाहिलं की त्यानं वाचली आहे हे मला कळलं. आता गावभर झालं असेल.

बरं, पुरं लिहितो. तू विचारलंस, 'सव्वीस तारखेच्या खाली काऊन काही नाई लिहिलं?' मी म्हटलं, 'सव्वीसले काय असते? उरलेला माल काढाचा असते.'

लिहून झालं. आता ऐक. मी गमतीनं बोललो. तुझा वाढदिवस मला पाठ आहे, सव्वीस डिसेंबर, सकाळचा जन्म, हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण डिसेंबरात माझं डोकं भट्टीत असतं हे तुलाही ठाऊक आहे. चोवीस-पंचवीसला हिंगणघाटपासून वर्ध्यापर्यंत लोकांना केक पाहिजे. ख्रिश्चन चार घरं आणि केक मागणारे चारशे. प्रत्येक कॉन्व्हेंटात पोरांना लाल टोपी घालतात आणि मग पोरं घरी जाऊन आईबापांचा जीव खातात. हा सगळा माल भाजून उरकला की सव्वीसला मी माणसात येतो.

तू नसतानाही इथं सगळं उत्तम चाललंय. पाव फुगतो, खारीला पदर सुटतात. एकच छोटं प्रकरण झालं, तेही दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. काल सरपंचाच्या नातवाचा केक होता. मुलाचं नाव ऋतिक. मी कोन हातात घेतला आणि तो 'ऋ' काही मला काढता येईना. तीनदा खरवडला. शेवटी केकवर फुलं काढून दिली आणि म्हटलं, आजकाल नाव लिहायची फॅशन गेली. मुलगा रडला. त्याची आजी यशोदाबाई माझ्यासमोर म्हणाली, 'बायकोचा हात होता बापा, तोच गेला.' अख्ख्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली.

हरिदास हसला नाही, पण भट्टीकडे तोंड करून बराच वेळ उभा होता.

कोनात क्रीम किती भरायचं ते तेवढं कळव. मी फार भरतो, ते मागून बाहेर येतं.

तुझा,
कैलास


वडनेर,
शनिवार, १३ डिसेंबर

सौ. मंजुषास,

'अर्धा भरा.' दोन शब्दांचं उत्तर आलं, उपकार झाले. अर्धा भरला. मागून यायचं थांबलं.

काल आपले प्रभाकरराव सर आले होते, हिंगणघाटच्या चर्चची ऑर्डर द्यायला. सर आता ऐंशीला टेकले, तरी ऑर्डर द्यायला स्वतः एसटीनं येतात, फोनवर देत नाहीत. बाकावर बसले, चहा घेतला आणि लगेच विचारलं, 'सूनबाई कुठं आहे?'

मी म्हटलं, 'माहेरी गेली सर. सासूबाईचा गुडघा दुखून राह्यला.' (तुझ्या आईला सांग, गुडघ्याचं कोणी विचारलं तर थोडं लंगडून दाखवा.)

'डिसेंबरात?' सर म्हणाले. मग म्हणाले, 'तिचा वाढदिवस असते ना आमच्या नाताळाच्या मागंच? मागच्या साली मी तिले विचारलं होतं, बेटा, तुह्यासाठी कोणता केक केला? हासली. म्हणे, तुमच्यातलाच उरला होता सर.'

मला ते बोचलं, म्हणून मीही बोललो. म्हटलं, 'आता काय करता सर, तारीखच तशी पडली. तुमच्या येशूबाबाच्या मागं एक दिवसानं जन्मली, त्याले मी काय करू?'

सर रागावले नाहीत. म्हणाले, 'त्याच्यावर नको ढकलू कैलास. त्याची तारीख तं कोणी लिहूनबी नाई ठेवली, आमी आपल्या मनानं धरतो. पण आमी त्याले दिवाळीचे उरलेले अनारसे नाई वाढत.'

ऑर्डर लिहून घेतली, सरांना गाडीत बसवून दिलं. नंतर दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा फोनमधले फोटो काढून बसलो. तेरा वाढदिवसांपैकी दहाचे फोटो सापडले, पहिले तीन जुन्या फोनाबरोबर गेले. दहाही फोटोंत तू हसते आहेस, मी टाळी वाजवतो आहे आणि मधे केक आहे. मी केक मोठा करून पाहिला. दहाही केकवर पांढऱ्या क्रीमखाली एका बाजूला गुलाबी डाग आहे. तिथं आधी लाल सांता होता, तो खरवडून त्यावर पांढरं फिरवलंय. एकोणीस सालच्या केकवर तर तुझ्या नावाखाली त्याचा एक काळा बूट तसाच राहिलाय.

आणि नाव दरवर्षी सुंदर अक्षरात. कारण ते तूच लिहायचीस. उरलेला केक तू निवडायचीस, सांता तू काढायचीस, नाव तू लिहायचीस, आणि मग बाजूला उभी राहून मला बोलवायचीस. मी हात पुसत यायचो, टाळ्या वाजवायचो आणि पहिला घास मागायचो.

अंकिताच्या वाढदिवसाला माझी आई पाट मांडून, रांगोळी काढून तिला ओवाळायची. तुला पाटावर बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली, आता तिला विचारता येत नाही, आणि विचारून काय, बायको माझी होती.

मला लाज वाटली मंजुषा. हे वाक्य लिहायला मला चहा दोनदा करावा लागला.

कैलास


वडनेर,
बुधवार, १७ डिसेंबर

प्रिय मंजुषा,

आता मात्र मी पुन्हा माणसात आलोय, कारण माझ्याकडे दाखवायला काहीतरी आहे.

या पत्राबरोबर अमर एक डबा देईल. सावकाश उघड. आत अर्ध्या किलोचा केक आहे, कालच्या उरलेल्या मालातला नाही, आज सकाळी खास भाजलेला. व्हॅनिला, मधे अननसाचा थर, तुला आवडतो तसा. वर नाव आहे, आणि ते मी लिहिलंय. हरिदासनं नाही, पोराठोरानं नाही, मी.

चार दिवस रोज दुपारी स्टीलच्या ताटावर क्रीमनं लिहीत होतो आणि पुसत होतो. आधी 'म' पसरायचा, मग 'षा'चा काना घसरायचा. हरिदास म्हणाला, 'मालक, शाळेत इतकं लिवलं असतं तं तलाठी झाले असते.' पण परवापासून हात बसला. काल यशोदाबाईला ताट दाखवलं. त्या म्हणाल्या, 'जमलं बा.' त्यांच्या तोंडून हे पद्मश्रीच्या बरोबरीचं आहे.

हा नमुना समज. खरा केक सव्वीसला. भिंतीवरच्या कागदावर सव्वीस तारखेच्या खाली मी जाड पेननं तुझं नाव लिहिलंय आणि त्या दिवसाची एकही ऑर्डर घेतलेली नाही. एक बाई पाच किलोची घेऊन आली होती, साखरपुड्याची, तिलाही हात जोडले.

तेव्हा आता राग सोड आणि शनिवारी अमरच्या गाडीत बस. पुढच्या सीटवर टोस्टचे डबे ठेवू नको असं त्याला बजावलंय.

तुझा आणि आता अक्षर सुधारलेला,
कैलास


वडनेर,
शनिवार, २० डिसेंबर

मंजुषा,

बुधवारी संध्याकाळी डबा परत आला. अमरनं तो टेबलावर ठेवला आणि गाडी धुवायला निघून गेला. झाकण उघडलं तर केक जसाच्या तसा. सुरीसुद्धा लागलेली नव्हती. वर तुझी चिठ्ठी: 'हे नाव तुमीच ठेवलं. तुमीच खा.'

आधी मी भडकलो. खोटं कशाला बोलू? डबा फेकायला निघालो होतो. चार दिवसांची मेहनत, त्यात हायवेचे खड्डे खाऊनही एक अक्षर हललं नव्हतं. मी अमरला हाक मारली आणि विचारलं, तिकडे झालं काय? तो मान खाली घालून म्हणाला, 'काई नाई झालं भाऊ. वैनीनं डबा उघडला, वाचलं आन् झाकण लावलं. बापूजी आतून विचारे, रक्षा, काय आलं वं? तं वैनी म्हणे, दुसऱ्याचं आहे बापूजी, चुकून आलं.'

तिथं माझा राग उतरला.

मला खरंच विसर पडला होता की तिकडे तुला सगळे रक्षा म्हणतात. गिरडला आलो की ऐकतो, पण सासुरवाडीचं लाडाचं नाव असल्यासारखं कानावरून जातं. ते तुझं नाव आहे हे मी कधीच सोडून दिलं होतं.

म्हणून आज एक गोष्ट लिहितो, ती तू मागितलेली नाहीस. लग्नाची वरात वडनेरला आली. ओट्यावर लक्ष्मीपूजन झालं. आईनं ताटात तांदूळ पसरले, अंगठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, 'लिही, मंजुषा. घरात एक रक्षा आहे, दोन कशा चालतील?' ती एक रक्षा, म्हणजे ताई, तेव्हा लग्न होऊन चंद्रपूरला गेलेली होती. वर्षातून दोनदा यायची. आणि मंजुषा हे नाव आईनं कुठून आणलं तर दवाखान्यातल्या एका नर्सबाईचं होतं, तिला ते आवडलं होतं म्हणून.

मी अंगठी तांदळात टेकवली तेव्हा तू वाकून हळूच म्हणालीस, 'माह्यं रक्षाच राहू द्या ना.'

मी मंजुषा लिहिलं.

पुढे दोन-तीन दिवसांनी तू विचारलंस, तेव्हा ऐकलं नाई का? मी म्हटलं, बँडमधे कुठं काय ऐकू येते? तू पुन्हा कधी विचारलं नाहीस.

बँड तेव्हा बंद होता. बँडवाले मांडवात जेवायला बसले होते. ओट्यावर इतकं शांत होतं की तांदळात अंगठी सरकल्याचाही आवाज येत होता. मी तुझं म्हणणं पूर्ण ऐकलं होतं. पाहुणे बघत होते, आई बघत होती, आणि नवऱ्यानं पहिल्याच दिवशी बायकोचं ऐकलं असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी ऐकलं नाही.

तेरा वर्षं तू तेच नाव स्वतःच्या हातानं, सुंदर अक्षरात, दुसऱ्याच्या केकवर लिहीत आलीस. आणि मी वर पाटीचे उपकार सांगतो.

केक मी खाल्ला नाही. हरिदासनंही नाही खाल्ला. तो तसाच काचेच्या कपाटात आहे.

कैलास


वडनेर,
बुधवार, २४ डिसेंबर

प्रिय,

वर नाव लिहिलेलं नाही. राहिलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

शनिवारच्या पत्राला उत्तर आलं नाही. अमरला मी दोनदा विचारलं, चिठ्ठी पडली तर नाही ना गाडीत? त्यानं सीट उचलून दाखवली. मी समजलो.

दुकानाची बातमी देतो. चर्चचा केक थोड्या वेळात निघेल. या वर्षी एकाही केकवर नाव नाही, नुसती फुलं आणि सांता. लोकांनी तक्रार केली, मी म्हटलं, लिहिणारं माणूस घरी नाही, पाहिजे तर घ्या. एकानं घेतला नाही, बाकी सगळ्यांनी घेतला. प्रभाकररावांच्या डब्यात मी थोडे ताजे अनारसे ठेवलेत, शेजारणीकडून करून आणले. त्यांना कळेल.

अंकिताचा सोमवारी होस्टेलवरून फोन होता. आपण दोघांनीही काही कळवलं नव्हतं, तरी तिला सगळं ठाऊक होतं, पोरींना कळतंच. म्हणाली, 'बाबा, मी चोवीसले होस्टेलच्या बाईसंग निघून राह्यली. हिंगणघाटले गाडी बदलाची आहे. वडनेरची धरू का गिरडची?' मी म्हटलं, गिरडची धर. ती म्हणाली, 'आन् तुमी?' मी म्हटलं, मला अजून कोणी बोलावलं नाही. ती म्हणाली, 'मंग विचारा ना.'

तेव्हा विचारतो.

परवा सकाळी दुकान बंद राहील. शटरवर खडूनं लिहून ठेवणार आहे, 'घरचा वाढदिवस असल्यामुळे बंद.' सव्वीस डिसेंबरला ही बेकरी पहिल्यांदा बंद राहील. हरिदासनं विचारलं, 'मालक, उरलेला माल?' मी म्हटलं, वाटून टाक.

केक मी पहाटे भाजणार आहे. वर नुसतं पांढरं क्रीम फिरवून आणीन, दुसरं काही नाही. कोन अर्धा भरलेला पिशवीत असेल. रक्षा मला लिहिता येतं, ताटावर लिहून पाहिलं, 'क्ष' जरा वाकडा येतो. मंजुषा तर येतंच. पण ताटातल्या तांदळासमोर मी जे केलं ते पुन्हा करणार नाही. मला वाटतं म्हणून रक्षा लिहून आणलं, तरी ते पुन्हा माझंच ठरवणं होईल. कदाचित तेरा वर्षांत तुला दुसरंही नाव आपलं वाटलं असेल, कदाचित दोन्ही नको असतील, मला कसं कळणार? मी कधी विचारलंच नाही.

म्हणून विचारतो. केकवर काय लिहू? दुकानाच्या पाटीचंही तू म्हणशील तसं. रंगारी तयार आहे.

आणि दुसरं, मी येऊ का?

कैलास


(टोस्टच्या पुड्यावर, पेन्सिलीनं. २४ डिसेंबर, संध्याकाळी अमरनं आणून दिलं.)

अंकिता पोचली. जेवली.

नावाचं चिठ्ठीत नाई सांगत. इथं येऊन तोंडानं विचारा, बापूजीसमोर, आईसमोर, सगळ्यायसमोर. पाट मी स्वतः मांडून बसते, ओवाळाले आई आहे.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येजा. केक मांडीवर धरजा, टपावर नोका ठेवू.

सांगीन तेव्हा नीट ऐकजा. इथं बँड नाई.